घरगाडीतलं पहिलं दूध

मोबाइल खिशात घाला आधी सगळ्यांनी. तोंडावर उजेड घेऊन बसलेल्यांना गोष्ट सांगायची म्हणजे भिंतीशी बोलणं. आणि मधेच कुणी "अण्णा, भूत खरंच असतं का हो?" असं विचारायचं नाही. असतं की नसतं ते मला ठाऊक नाही. बिभीषणाचं काय झालं तेवढं सांगतो, कारण तो केजचा माणूस माझ्या ओळखीचा, आणि खोटं रचून सांगायची त्याला अक्कलच नाही.

बिभीषण एस.टी.च्या वर्कशॉपातून रिटायर झाला. तीस वर्षं गाड्यांखाली उताणा पडून काढली. लग्न झालं त्याच साली बायकोला, तुळजाबाईला, शब्द दिला होता की तुला समुद्र दाखवीन. आज दाखवतो, उद्या दाखवतो करता करता तिचे गुडघे गेले. बसची पायरी चढवेना. मग या पठ्ठ्याने भंगारात निघालेली एक जुनी मिनीबस आणून दारात उभी केली. दोन वर्षं तेच वेड. सडलेला पत्रा कापून नवा जोडला, टपाची गळती बुजवली, पायरी चांगली ठेंगणी केली. आत पलंग, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी. गल्लीतले विचारायचे, "बिभीषणदादा, तमाशाचा फड काढता का काय?" तो हसायचा आणि पान्हा फिरवायचा. तिला तो घरगाडी म्हणायचा.

तुळजाबाईची अट एकच होती. "घर म्हंता ना? मंग घरभरणी झाल्याबिगर आत शेगडी पेटवायची न्हाई. पयलं दूध मी उतू घालीन, मंगच पाय ठेवीन."

तिचं काही चुकत नव्हतं. नव्या घरात पहिलं दूध जी उतू घालते, ती त्या घराची मालकीण. जन्मभर सासूच्या घरात आणि नंतर भाड्याच्या खोल्यांत राहिलेली बाई ती. चाकांवरचं का होईना, घर तिचं होणार होतं.

मागच्या वर्षीची गोष्ट. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, तीन दिवस राहिले होते. वार गुरुवार. शुक्रवारी सकाळी घरभरणी करून लगेच समुद्राकडे निघायचं ठरलेलं. मागच्या डाव्या चाकावरचा पाटा, म्हणजे गाडीचं वजन झेलणारी स्प्रिंग, बसला होता, म्हणून बिभीषण दुपारी गाडी घेऊन पाटोद्याला गेला. तिथल्या लोहाराकडून पाट्याच्या पट्ट्या बदलून घेतल्या. गाडी कशी तोऱ्यात उभी राहिली. सकाळच्या घरभरणीसाठी अर्धा लिटर दुधाची पिशवी घेतली आणि साडेनऊला तो परत निघाला.

मांजरसुंबा मागे पडलं. नेकनूरच्या अलीकडे इंजिनाचा काटा लाल खुणेवर गेला. पाण्याचा रबरी पाइप गळत होता. त्याने एका पुलापाशी गाडी बाजूला घेतली, टॉर्च दातांत धरून पाइप आवळला. पण तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नसतं. थांबावं लागतं. अकराला दहा मिनिटं कमी होती.

एरवी हा रस्ता रात्रभर वाहता. त्या वेळी दोन्हीकडे एकही दिवा दिसेना. पुलाशेजारी तीन दगडांची चूल होती. ऊसतोडीला जाणारी माणसं तिथं मुक्कामाला थांबत असतील. दगड काळे पडलेले आणि मधे गवत उगवलेलं.

बिभीषणाला एका जागी बसवेना. चाकं ठोकून पाहिली. पुन्हा आत आला. पुन्हा उतरला. थंडी हाडात शिरत होती. सकाळच्या प्रवासाची घाई, घरी ती जागी असेल याचा घोर, आणि वर हे थांबणं. शेवटी मनाशी म्हणाला, घोटभर चहा केला तर कुणाला कळतंय? सकाळी दूध दुसरं आणता येईल.

त्याने शेगडी पेटवली. पातेल्यात दूध ओतलं. दाराकडे पाठ करून तो चहापत्ती शोधू लागला.

"घरात कुणी हाय का?"

बाईचा आवाज. दमलेला. कुणी वाटसरू असेल. वळून बघायच्या आधीच त्याच्या तोंडून निघून गेलं, तुमच्या-माझ्या निघतं तसंच.

"या की. घर आपलंच हाय."

गाडी डावीकडे वाकली.

तीस वर्षांचा मेकॅनिक तो. तळपायांनाच कळलं. कुणीतरी पायरीवर पाय दिला, आत आलं. पाटा दबला.

तो वळला. दार उघडं. दारात कुणी नाही.

मागे शेगडीवर चर्र झालं. दूध उतू गेलं होतं. गाडीचं तोंड केजकडे, म्हणजे उगवतीला. दूध त्याच बाजूने ओघळत होतं, घरभरणीला ओघळावं तसं.

गॅस बंद केला. कान देऊन उभा राहिला. पाटा वर आला नव्हता.

"कोण हाय?"

त्याने रेडिएटरमध्ये पाणी कसं ओतलं, गाडी कशी सुरू केली, त्याचं त्याला आठवत नाही. नुसती गाडी पळवत सुटला. मागे बघायचं नाही. आरसा फिरवून टाकला. पण वळणावर गाडी जड लागायची. डावीकडे. नेहमी डावीकडेच.

नेकनूरला दिव्याच्या खांबाखाली थांबला. खाली उतरला. बाहेरून दार सताड उघडून हात जोडले.

"माय, उतरा. मी चुकून म्हनलो... हे घर माझ्या बायकूचं हाय, माय. तिला कव्हाच कायी देलं न्हाई मी. येवढं एक राहू द्या."

आत पातेलं पालथं ठेवल्याचा आवाज झाला. घासून ठेवावं तसा, सावकाश.

पावणेएकला तो केजला पोचला. गाडीला कुलूप लावलं, किल्ली मुठीत धरली. तुळजाबाईने दार उघडून विचारलं, "लई येळ लागला वो?" तो म्हणाला, "पाइप गळत व्हता." तो उजाडेपर्यंत ओट्यावर बसून राहिला. गाडीजवळ कुणी आलं नाही. गाडीतून कुणी गेलं नाही.

सकाळी तुळजाबाई नाहून, नवं पातळ नेसून, नारळ घेऊन आली. बिभीषणाने कुलूप काढलं. तिने पायरीवरून आत डोकावलं आणि थबकली.

गाडीची जमीन सारवलेली होती. शेणाने. रबरी मॅटवर बोटांचे अर्धगोल, एकाला एक लागून, ओले.

"कुणी केलं वो हे?"

तेव्हा कुठे बिभीषणाने रात्रीचं सगळं सांगितलं.

तिने जन्मभर जमिनी सारवलेल्या. ती वाकून बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "सारवण आतून भाईर येतं. कोपऱ्यातून धरायचं, मागं मागं सरत दारातून निघायचं. न्हाईतर पाय उमटत्यात." तिने बोट दाखवलं. "हे दारापासून धरलंय. आत पलंगापोत्तर."

पलंगाचा पडदा ओढलेला होता. परत दाराकडे आल्याचं एकही पाऊल नव्हतं.

तुळजाबाईने नारळ पायरीवर ठेवला आणि डोळ्याला पदर लावला. "तिचं घर झालं. आपलं राह्यलं," म्हणाली, आणि घरात निघून गेली.

समुद्र तिने अजून पाहिलेला नाही. गाडी दारातच उभी आहे, कुणी चढत नाही. मागच्या आठवड्यात मी केजला गेलो होतो. आत नाही गेलो, खोटं कशाला बोलू. बाहेर उभा राहूनच हात लांबवला आणि जमिनीला बोट लावलं.

वर्ष होत आलं, पोरांनो... सारवण अजून ओलं आहे.