एका जागेचे दोन उमेदवार

कंपालातल्या त्या विद्यापीठात सैद्धांतिक संगणकशास्त्राच्या संशोधकाची एकच जागा निघाली होती, सहा वर्षांत पहिली. मुलाखतीच्या खोलीबाहेर दोघंच उरले होते – कबाहेंडा, आणि बाकाच्या टोकाला एक उंच, शांत तरुण. पावसाळी वाऱ्यानं तिचे कागद उडाले. त्यानं ते गोळा केले आणि परत द्यायचे सोडून वाचत बसला.

"अहो, ते माझे आहेत."

"हो... सिद्धता सुरेख आहे. फक्त इथे – हा बिंदू काढल्यावर आलेखाचे दोन तुकडे झाले तर?"

तिनं कागद ओढून घेऊन पाहिलं. त्याचं बरोबर होतं. तीन वर्षांच्या कामात चूक निघाली होती, आणि आतून बोलावणं येण्यात होतं.

"तुम्ही कोण?"

"कवेसी. तुमच्यानंतरचा उमेदवार."

आत फळ्यावर लिहिताना ती नेमकी तिथे थांबली. "इथे चूक आहे," ती म्हणाली. "मला आत्ताच कळली. बाहेर बसलेल्या उमेदवारानं दाखवली."

समितीला तो प्रामाणिकपणा आवडला; जागा तिलाच मिळाली. आठवड्यानं कवेसी तिला फाटकाजवळच्या चपातीवाल्याकडे दिसला.

"गप्प बसला असतात तर नोकरी तुमची होती."

"मग तुमच्याशी बोलायला निमित्त काय होतं?"

तिनं हसू दाबलं. "एवढंच?"

"शिवाय... दोन तुकडे झाले तर पुढे काय, ते मलाही येत नाही. तुम्हाला?"

ते सोडवायला पाच महिने लागले. तो एका शाळेत गणित शिकवायचा. शाळा सुटली की तिच्या फळ्यासमोर हजर. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही सांगता येणार नाही. एकदा त्यानं तिच्या गालावरचा खडू बोटानं पुसला – आणि मग दोघंही बराच वेळ फळ्याकडेच बघत राहिले.

सिद्धता पुरी झाली त्याच आठवड्यात कवेसीला नॉर्वेहून पत्र आलं. बर्गनला दोन वर्षांची संशोधनाची जागा. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

"नको म्हणून कळवतो," कवेसी म्हणाला.

"वेड लागलंय? अशा जागा झाडाला लागतात का?"

"तू थांब म्हणालीस तर थांबेन."

"म्हणून तर म्हणत नाहीये." ती फळा पुसत राहिली. पुसायला काही उरलं नव्हतं. "जा तू. पण त्याआधी रविवारी माझ्याबरोबर गावी, फोर्ट पोर्टलला चल. आईला तुला बघायचंय."

"म्हणजे..."

"म्हणजे तेच."

रविवारी आईनं नाचणीचा गोळा आणि घेवड्याचं कालवण वाढलं. तो जेवेपर्यंत ती त्याला न्याहाळत होती.

"आमच्या टोरो लोकांत घरच्या माणसाला लाडाचं नाव लागतं, त्याच नावानं हाक मारतात, बाळ," ती शेवटी म्हणाली. "आजपासून तू अराली."

कबाहेंडानं लाजून मान खाली घातली.

दोन महिन्यांनी, एका मंगळवारी त्याचं विमान होतं. तो रांगेत बराच पुढे गेल्यावर तिनं पहिल्यांदाच त्या नावानं हाक मारली. तो लगेच वळला.