मागच्या सीटचा भार

सत्त्याऐंशी सालच्या मार्चमधला शनिवार. मुलुंडला आग्रा रोडच्या कडेला सहदेव परबचं गॅरेज होतं. त्या दिवशी अकराच्या सुमारास त्यानं विद्याधर पाटणकरच्या फियाटला नवी क्लच प्लेट बसवली आणि हात पुसले. विद्याधर बँकेत कारकून. त्याची बायको उत्तरा दहा दिवसांची बाळंतीण, घाटकोपरच्या इस्पितळात. बाळ तिन्हीसांजेच्या आत घरी आलं पाहिजे, असं तिच्या सासूबाईंनी बजावलं होतं. टॅक्सी-रिक्षांचा नेमका त्याच दिवशी बंद होता.

सहदेवनं पहिला गिअर टाकून क्लच सोडला. इंजिन कण्हलं आणि बंद पडलं. गाडी तसूभर हलली नाही.

"हँडब्रेक राहिला असेल," शेजारी उभा विद्याधर म्हणाला.

"साहेब, बावीस वर्षं हेच करतोय मी."

तरी त्यानं पाहिलं. हँडब्रेक मोकळा होता.

मग स्वतःवरच संशय. प्लेट उलटी बसली असेल. त्यानं आणि काशीरामनं, त्याच्या म्हाताऱ्या जोडीदारानं, गिअरबॉक्स पुन्हा खाली घेतला. प्लेट बरोबर होती. सगळं परत चढवलं, गाडी मागून जॅकवर उचलली. चाकं झकास फिरली. जॅक उतरवला, चाकं जमिनीला टेकली आणि इंजिन पुन्हा बंद.

न्यूट्रलमध्ये टाकून तिघांनी ढकलली. सपाट रस्त्यावर ती भिंतीसारखी उभी.

सहदेव मागे उकिडवा बसला. मागचे कमानपाटे पार सपाट झाले होते. चार धिप्पाड माणसं बसली की होतात तसे. डिकी रिकामी होती. त्यानं मागचं दार उघडलं. सीटचं रेक्झिन उन्हानं तापलं होतं. मधला वीतभर तुकडा तेवढा गार होता.

"नऊ महिन्यांत ही तिसरी प्लेट जाळलीत. मागे कोण बसतं?"

"कोणी नाही हो. मी, आणि उत्तरा पुढे."

साडेचार वाजले. विद्याधर घड्याळ बघायचा आणि रस्ता बघायचा. "वाट लागली आज माझी."

"सहदेवा, गाऱ्हाणा घाल," काशीराम म्हणाला.

गावाकडे काम अडलं की नारळ ठेवून देवाला असं साकडं घालतात. सहदेवचा विश्वास नव्हता.

"तूच घाल."

"गॅरेज तुझा. पण मान काय देतलंस, ता नाव घेऊन सांग. मोघम बोला नको."

सहदेवनं चाकापुढे नारळ ठेवला आणि एकदाचं संपवावं म्हणून भराभर बोलला, "बा महाराजा, जेणी कोणी ही गाडी अडवली आसात, तेचा जा काय आसात ता तेका मिळांदे, नि वाट मोकळी कर."

"व्हय महाराजा," विद्याधर घाईनं म्हणाला. "मोघमच बोललंस," काशीराम पुटपुटला.

नारळ फोडला. विद्याधर स्टिअरिंगवर बसला, क्लच सोडला.

गाडी निघाली.

कमानपाटे अजून सपाटच होते. सहदेव हाक मारायला दोन पावलं धावला. पण हाक मारून सांगणार काय?

सव्वासहाला फियाट परत येऊन थांबली. विद्याधरनं पेढ्यांचा पुडा खिडकीतून पुढे केला. मागे मधोमध उत्तरा, मांडीवर दुपट्यातलं बाळ.

"गाडी?" सहदेवनं विचारलं.

"लोण्यासारखी!"

गाडी डावीकडे जरा बसलेली दिसली. चाकात हवा कमी असेल, असं सहदेवला वाटलं.

"बाळ रडत नाही ना, वहिनी?"

"गाडीत बसल्यापासून हूं की चूं नाही," उत्तरा म्हणाली. "पण इतकंसं पोर, केवढं जड झालंय हो! पायाला मुंग्या आल्या माझ्या."

तिनं बाळाला डाव्या मांडीवरून उचलून उजव्या मांडीवर घेतलं.

गाडी हळूच उजवीकडे कलली.