चार नंबरची तबकडी

"सिक्सर!" बॅटरी ओरडली, आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला.

चेंडू उंच गेला तो खाली आलाच नाही. टण्ण! चार नंबरच्या तबकडीत जाऊन पडला.

"घ्या! आता काढा," ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"कसा काढणार? तीन मजले चढायचं? आणि काका सोलून काढतील त्याचं काय?" शंकासुर म्हणाला.

ताई आणि तिचा धाकटा भाऊ सुट्टीला काकांकडे आले होते. भाऊ प्रश्न विचारल्याशिवाय बोलतच नसे, म्हणून तो शंकासुर. बॅटरी ही तिथल्या ऑपरेटरची मुलगी. सकाळी एकदा सुरू झाली की झोपेपर्यंत उतरत नसे. मोकळ्या माळावर दहा पांढऱ्या तबकड्या उभ्या होत्या. त्या सगळ्या मिळून एक रेडिओ दुर्बीण. काका तिथे तंत्रज्ञ होते.

काकू तिथली शास्त्रज्ञ. मागच्या सुट्टीपर्यंत होती. ती दर वर्षी एकाच दीर्घिकेचं चित्र घ्यायची. त्या दीर्घिकेच्या मध्यभागी एक राक्षसी कृष्णविवर होतं आणि त्याच्या जवळून अफाट वेगाने एक झोत बाहेर फेकला जात होता. "नळीतून पाणी सुटतं ना, तसा," ती मुलांना सांगायची. त्या झोतात एक ठळक गाठ होती. ती वर्षभरात किती पुढे गेली हे काकू मोजायची. सात वर्षं गाठ नीट दिसली. शेवटच्या दोन वर्षांत मात्र चित्रं फिसकटली. मग लोक म्हणू लागले, आधीची गाठसुद्धा भासच असणार.

हिवाळ्यात काकू गेली. आणि उद्या संचालकबाई ती दीर्घिका निरीक्षणाच्या यादीतून कायमची काढणार होत्या. काका सकाळपासून काकूच्या वह्या खोक्यांत भरत होते. मुलांना त्यांनी खेळायला बाहेर पाठवलं होतं.

"आयडिया!" बॅटरी म्हणाली. "बाबांना तबकडी तिरकी करायला लावते. चेंडू आपोआप घरंगळेल!" आणि सायकलवर टांग टाकून ती गेलीसुद्धा.

तिथे मोबाइलला बंदी होती. त्याच्या लहरींपुढे आकाशातल्या क्षीण लहरी ऐकूच येत नसत. म्हणून प्रत्येक तबकडीच्या पायाशी तारेचा जुना फोन होता.

नियंत्रण कक्षात ऑपरेटर टेबलावर पाय टाकून पेपर वाचत होते.

"बाबा, चार नंबरमध्ये काहीतरी खडखडतंय."

"वारा असेल."

"वारा टण्ण वाजतो का?"

"दुपारपर्यंत निरीक्षण नाहीये, करतो तिरकी. पण माझं डोकं खाऊ नकोस!" पेपरातून मान वर न काढता त्यांनी चारचं बटण दाबलं.

माळावर ताई आणि शंकासुर ओंजळ करून उभे होते. चार नंबर ढिम्म! मागे मात्र घर्रर्र आवाज झाला. सहा नंबरची तबकडी सावकाश कलत होती.

"ताई, ती सहा आहे ना?"

ताईने फोन उचलला. "बॅटरी, चार सांग, चार! बहिरी झालीस का?"

"चारच दाबलंय! पडद्यावरसुद्धा चारच तिरकी दिसतेय!"

ताईने एकदा चारकडे पाहिलं, एकदा सहाकडे. मग म्हणाली, "आता सहा दाबायला सांग बघू."

सहाचं बटण दाबलं, आणि चार नंबर कलली! चेंडू थेट शंकासुराच्या डोक्यावर आपटला. तो "आई गं!" म्हणाला, बॅटरी फोनवर खो खो हसली. ताई हसली नाही.

"रोज दहाही तबकड्या एकाच दिशेला वळतात," ती म्हणाली. "दोघींची अदलाबदल झालेली कुणाला कळणार? पण कॉम्प्युटरला कोणती कुठे उभी आहे ते अगदी अचूक लागतं. काकूने सांगितलं होतं. जागा चुकली, तर चित्र चुकलं."

"मग काकूची दोन चित्रं...?" शंकासुराने प्रश्न अर्धाच सोडला.

तिघं नियंत्रण कक्षातल्या दुरुस्तीच्या रजिस्टरवर वाकली. दोन वर्षांपूर्वीची नोंद सापडली. 'चार व सहा. उंदरांनी कुरतडलेल्या केबल बदलल्या.' खाली सही होती. काकांची.

"पान फाडू?" बॅटरीने हळूच विचारलं.

"वेडी आहेस का!"

शंकासुर पहिल्यांदाच प्रश्न न विचारता बोलला. "सांगितलं तर काका रडतील. नाही सांगितलं तर काकू खोटी ठरेल."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि काकांच्या घराची वाट धरली.

"माझ्या हातून उलट्या जोडल्या जातील?" काका आधी चिडलेच. "बावीस वर्षं हेच काम करतोय मी!" पण चेंडूची गोष्ट ऐकून ते उठले. चार नंबरच्या पायाशी त्यांनी पेटी उघडली आणि एकेका केबलवरून बोट फिरवत गेले. मग तिथेच सिमेंटच्या ओट्यावर बसले. केबल उलट्याच होत्या.

ऑपरेटर मागोमाग आले होते. "अरे, जुनी गोष्ट आहे. उंदरांनी घोळ केला म्हणून सांगू. तुझं नाव कशाला?"

"नको," काका म्हणाले. ते स्वतः संचालकबाईंकडे गेले. मुलांना बरोबर घेऊन गेले, आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

बाई जागेवरून उठल्या. दोन्ही वर्षांच्या नोंदी साठवलेल्या होत्या. त्यांनी कॉम्प्युटरला चार आणि सहाच्या खऱ्या जागा दिल्या. दीड तास लागला. बॅटरीने तेवढ्यात सगळी नखं कुरतडून संपवली.

मग पडद्यावर चित्र उमटलं. मध्ये तेजस्वी ठिपका, त्यातून निघालेला बारीक झोत, आणि झोतात गाठ! गाठ पुढे कुठे दिसेल याची काकूने वहीत आधीच खूण करून ठेवली होती, बरोबर तिथे.

"दुसऱ्यांची चित्रं ढोबळ असतात, त्यांना फरक जाणवला नाही," बाई म्हणाल्या. "इतकं बारीक काम फक्त तिचंच होतं. आणि आम्ही तिलाच चूक ठरवलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दोन वर्षं आम्ही पडद्याकडे बघत बसलो. बाहेर येऊन तबकडीकडे कुणी पाहिलं नाही. तुम्ही पाहिलंत. शाब्बास रे पोरांनो! दीर्घिका यादीतच राहील, आणि शोधनिबंध तिच्याच नावाने छापला जाईल."

बॅटरीने टाळी द्यायला हात वर केला, पण काकांकडे पाहून खाली घेतला.

"काका," शंकासुराने विचारलं, "काकूला माहीत होतं का?"

"संशय होता तिला." काकांची नजर पडद्यावरच होती. "म्हणाली, चार आणि सहाच्या केबल एकदा बघून येतोस का? मी म्हटलं, तू तुझं काम कर, माझं मला कळतं. मग तिने पुन्हा विचारलं नाही."

काकांनी खिडकीबाहेर चार नंबरकडे पाहिलं.

"चालत जाऊन यायला पंधरा मिनिटं लागतात," काका म्हणाले.

ताईने त्यांचा हात धरला. बाई हळूच म्हणाल्या, "चार वाजता दीर्घिका उगवेल. यंदाचं चित्र आजच घेऊ या का?"

काकांनी डोळे पुसले आणि हत्यारांची पिशवी उचलली.

"चार आणि सहा नीट करायच्यात ना?" शंकासुराने विचारलं.

"त्या तर करूच," काका म्हणाले. "पण चला, आज दहाही बघून येऊ."