गुळावरचं पाणी

"पळा! शेवटी पोचेल तो गाढव!" शरद ओरडला आणि करवंदांनी भरलेली टोपी सांभाळत टेकडी उतरला. मागून धाकटी बहीण पद्मजा आणि चुलतबहीण विनोदिनी. शरद-पद्मजा बेळगावहून काकांकडे सुट्टीला आल्यापासून तिघांची ही रोजचीच धांदल! मे महिन्याचं ऊन, घसा नुसता कोरडा ठाक!

टेकडीखाली खाणकामगारांची घरं होती. गोऱ्या मालकाची मँगनीजची खाण. तिथं कामाला असलेल्या भरमूची आई अक्काताई पहिल्याच घरात राहायची. "या रं लेकरांनो!" म्हणत तिनं तिघांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. पाणी मात्र आलंच नाही.

"गूळ दिला आणि पाणी नाही! ही कुठली रीत?" बाहेर पडताच पद्मजा फिदीफिदी हसली.

"कंजूस आहे, दुसरं काय!" शरद म्हणाला. मागं वळून बघतो तर अक्काताई दारातच! तिनं मान खाली घातली. शरदला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विनोदिनी मात्र अंगणातल्या विहिरीत वाकून बघत होती. "अगंबाई! पाणी आहे की शाई?"

"खाणीत दगूड धुत्यात, त्येचं पानी हाय," अक्काताई हळूच म्हणाली. "पयलं रानात जायचं, आता हिकडं वळलंय. वढ्याचं आनावं तर त्योबी आटलाय. तुमास्नी काय देऊ, बाळ?"

"मग साहेबांना सांगायचं ना!" शरद म्हणाला.

"आनि भरमूचं काम गेलं म्हंजे?"

साहेब म्हणजे खाणीचे मॅनेजर, विनोदिनीचे वडील श्रीपादकाका! तिघं गुपचूप त्या काळ्या पाण्याच्या नाल्याच्या कडेकडेनं वर चढले. नाला थेट त्यांच्याच बंगल्यामागं निघाला. तिथं मातीचा बांध घालून पाणी वळवलेलं.

"अप्पांनी घातलाय," विनोदिनी हळूच म्हणाली. "मोगऱ्यात चिखल यायचा म्हणून."

"खात्री करू या," शरद म्हणाला. पद्मजा विहिरीवर पळाली. शरदनं टोपलीभर भाताचं तूस नाल्यात सोडलं.

"आलं रे! विहिरीत तूस आलं!" खालून हाक आली. चोर सापडला होता, पण टाळी कुणीच वाजवली नाही. विनोदिनी तर रडायच्या बेतात होती.

"आता भरमूचं नाव न येता अप्पांना कळायला हवं," डोळे पुसत ती म्हणाली.

संध्याकाळी ती वडिलांचा हात धरून त्यांना अक्काताईकडे घेऊन आली. अक्काताईची कोण धावपळ! तिनं गूळ पुढं केला. शरदनं विहिरीचं पाणी शेंदून तांब्या काकांच्या हातात दिला.

काकांनी आत बघितलं आणि ते कडाडले, "हे काय पिण्याचं पाणी आहे? कुठल्या मूर्खानं विहीर नासवली?"

"आपणच, अप्पा," विनोदिनी म्हणाली. "आपल्या बांधानं. आम्ही तूस सोडून पाहिलंय."

काकांनी तांब्या खाली ठेवला. "पाणी कुठं जाईल ते मी बघितलंच नाही," ते पुटपुटले. "अक्काताई, लाज वाटते हो मला."

सकाळी त्यांनी स्वतः कुदळ घेऊन बांध फोडला. माणसं लावून विहीर उपसली. सुट्टी संपायच्या आत पाणी निवळलं, तेव्हा अक्काताईनं सगळ्यांना बोलावलं.

"शाबास! मोठ्यांचे डोळे उघडलेत तुम्ही!" काका म्हणाले.

शरदला मात्र वर बघवेना. "अक्काताई, मी तुम्हाला कंजूस म्हणालो होतो."

"ऐकलं व्हतं रं म्या," अक्काताई म्हणाली आणि तिनं त्याच्या हातावर गूळ ठेवून तांब्या पुढं केला. "आता गप पानी पी."