चादरीची दुसरी बाजू

करडी गावच्या धुरपताबाई अंगणात घसरून नुसत्या बसल्यासारख्या पडल्या, पण तेवढ्यानं कमरेखालचं हाड दोन ठिकाणी मोडलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि त्यांच्या नवऱ्याला, यादोरावांना, सरळच सांगितलं, "हाडं पार भुसभुशीत झालीत. वाळवीच्या लाकडात खिळा धरत नाही, तसा इथे स्क्रू धरणार नाही. पडून राहू द्या. कूस बदलायची ती खालच्या चादरीसकट, दोघांनी दोन्ही बाजूंनी एकदम उचलून. हाड सरकलं तर बाई पुन्हा उठायच्या नाहीत."

दोघांनी! मुलगा प्रवीण पुण्यात. शेजारची बेबीबाई चादरीची दुसरी बाजू धरायला येई, पण भाताची रोवणी लागली आणि तिनं हात जोडले. "भाऊजी, आता सांजच्यालेच येईन. सारा गाव रोवायले बांधीत चालला." दुपारी गावात धडधाकट माणूस औषधालाही सापडेना.

पहिल्याच दुपारी धुरपताबाई कळवळू लागल्या. पाठीची आग होत होती. यादोरावांनी देवाचं नाव घेऊन आपली बाजू उचलली, आणि पलीकडची बाजूही उचलली गेली. अलगद, बरोबर त्यांच्याइतकीच. बाई कुशीवर झाल्या.

"बेबी आली का जी?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"हो," यादोराव म्हणाले. दुसरं काय सांगणार?

"हात किती थंडे हायेत तिचे."

मग रोज दुपारी तसंच होऊ लागलं. यादोराव मनातून पार हादरले होते, पण गरजवंताला अक्कल नसते. शेवटी न राहवून त्यांनी खाट इंच इंच सरकवत भिंतीला टेकवली. आता तिथे मांजरालाही उभं राहायला जागा नव्हती. तरी चादर भिंतीकडून उचलली गेलीच, आणि तिच्या कडेला मूठ आवळल्यासारख्या चुण्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चादरीला हातच लावला नाही. दारात जाऊन बसले.

"काहून बसले जी? उचला ना."

"आज नाही. बेबी येऊ दे."

भिंतीकडची बाजू उठली.

मग त्यांची बाजूही उठली.

यादोराव धावले. हात पुढे केले, आणि ते तसेच राहिले. एका बाजूनं हिसका बसला तर हाड सरकणार होतं.

"ठेवा जी तिले खाली," ते रडकुंडीला आले. "पाया पडतो."

"राहू द्या," धुरपताबाई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्या हसत होत्या. "आता काहीच नाही दुखून राहिलं."

चादर खाटेवर परत टेकली नाही.