फाळक्यावरची दुसरी थाप

यात मी काहीही वाढवलेलं नाही. उलट दोन गोष्टी गाळल्यात, कारण त्या लिहिताना हात थांबतो.

ज्यांना भुताच्या गोष्टीला अमावस्येची रात्रच लागते, त्यांनी इथेच थांबलेलं बरं. हे घडलं भर दुपारी. रविवार, १२ ऑक्टोबर २०२५. भाईंदर पश्चिमेला, राई गावामागच्या बंद पडलेल्या मिठागरात.

मी केतन. राहतो भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागे. नोकरी विम्याच्या ऑफिसात, पण जीव जुन्या गाड्यांत. आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे. लष्कराने लिलावात काढलेल्या जीपा, जोंगा, छोटे ट्रक घ्यायचे, पार उघडून पुन्हा बांधायचे आणि रविवारी चिखलात घालायचे. घरचे आम्हाला भंगारवाले म्हणतात. त्यांचं काही चुकत नाही.

ग्रुपचा कर्ता नीरज. राईचाच, मिठागरवाल्यांच्या घरातला. आमच्या गाड्या त्याच्याच शेडमध्ये उभ्या असतात. बारा वर्षांची दोस्ती. माझ्या लग्नात सगळी धावपळ त्याने केली. वडील गेले तेव्हा खांदा द्यायलाही तोच पुढे होता.

मधे ऑफिसने मला दीड वर्ष नागपूरला पाठवलं. परत आलो तर नीरजने माझ्यासाठी एक जोंगा बघून ठेवलेली. "नाशिकची हाय. मालक म्हातारा झाला, म्हणून काढली," म्हणाला. कागदांवर नाव नाशिकच्याच माणसाचं होतं. मला शंका यायचं कारणच नव्हतं.

दोन वर्षं मी त्या गाडीवर राबलो. गंज खरवडला, पत्रे ठोकले, रंग मारला. मागच्या फाळक्याला, म्हणजे मागे खाली पडणाऱ्या पत्र्याच्या झडपेला, आत दबलेला मोठा पोचा होता.

नीरज सारखा मागे लागायचा, "हा फाळका काढून टाक. नवीन बनवून घे."

मी कुठला ऐकतोय. आमच्यात मूळ पार्ट बदलला की गाडीची किंमतच गेली असं मानतात. मी तीन रविवार हातोडी मारून तो पोचा सरळ केला, आणि ग्रुपवर फोटो टाकून मिरवलंही.

त्या फोटोवर एकानेही काही लिहिलं नाही.

तेव्हा मला त्याचा नुसता राग आला होता.

आता आमची एक पद्धत सांगतो. मिठागराचे बांध अरुंद असतात. गाडी वळवायला जागा नसते. आत गेलात की रिव्हर्समध्येच बाहेर यायचं. म्हणून एक जण गाडीच्या मागे चालतो आणि फाळक्यावर हाताने थाप मारतो.

एक थाप म्हणजे येऊ दे.

लगेच दुसरी आली, की जागच्या जागी थांबायचं.

चालवणारा विचार करत नाही. दुसरी थाप ऐकली की पाय आपोआप ब्रेकवर जातो. मागे उभा असलेला माणूस त्या थापेच्या भरवशावर उभा असतो.

त्या दुपारी जोंगा पहिल्यांदा बाहेर काढली. मी आणि नीरज, दोघंच. बांधाच्या टोकापर्यंत गेलो. नीरज खाली उतरला. मला वाटलं, तो मागे गेला. मी रिव्हर्स टाकला.

थाप...

मी मागे येऊ लागलो. थोडा आलो, आणि...

थाप. थाप.

मी ब्रेक दाबला. "काय झालं रे?" म्हणून ओरडलो.

"तू थांबलास का?" नीरजचा आवाज आला.

पुढून.

तो बॉनेटसमोर उभा होता. हातात पाण्याची बाटली. मागे गेलाच नव्हता.

"मागे कोण आहे?" मी विचारलं.

"कोण असणार? पत्रा तापला की वाजतो."

मला पटलं. खरंच वाजतो. मी गाडी पुढे घेतली आणि पुन्हा रिव्हर्स टाकला.

त्याच जागेवर... थाप. थाप.

तिसऱ्यांदाही तिथेच.

मी उतरून मागे गेलो. फाळक्यावर मिठागराची पांढरी धूळ बसली होती. जशीच्या तशी. त्यावर बोटाचीसुद्धा खूण नव्हती.

मागे लांबपर्यंत सपाट मिठागर. लपायला झुडूपही नाही.

तेवढ्यात बांधाच्या दुसऱ्या टोकाकडून एक म्हातारा चालत आला. खांद्यावर टॉवेल, पायात काही नाही. गावात त्याला सगळे दाजी म्हणतात. माझी त्याच्याशी नुसती तोंडओळख होती. तो गाडीजवळ आला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला.

"रंग बदलला, तरी वलखली मी," तो म्हणाला. "माझा पोरगा सदू हिच्याच खाली गेला."

मला कळेचना.

"नीरज चालवत व्हता. तुला न्हाय सांगला यानी?"

नीरज खाली मान घालून म्हणाला, "दाजी, तुम्ही घरी जा."

दाजी वाद न घालता निघून गेला. जाताना त्याने गाडीला हात लावला नाही.

मग नीरजने सांगितलं. मी नागपूरला असताना ही गाडी त्याच्याकडे होती. कागदांवरचं नाव बदलायचंच राहिलं होतं. सदू ग्रुपमध्ये नवीन आलेला. याच बांधावर तो मागे उभा होता.

"त्याने एकच थाप मारली, केतन. मी आलो मागे. पोलिसांनी पण अपघातच लिहिलाय."

"ग्रुपमध्ये कोणाकोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू घेतली नसतीस." तो शांतपणे म्हणाला. "रोज शेडमध्ये डोळ्यांसमोर असायची रे. माझी म्हणून बघवत नव्हती. तुझी झाली, रंग बदलला, की सुटेन वाटलं. आणि तुझ्याशिवाय माझ्या शब्दावर कोणी घेतली नसती."

मला रडू आलं. भीतीने नाही. ज्या पोच्यावर मी तीन रविवार हातोडी मारली, तो कशाचा होता, हे ग्रुपमधल्या सगळ्यांना माहीत होतं. आणि मी त्यांना चहा पाजून त्याचे फोटो दाखवत होतो.

"भूतबित काही नाय," नीरज म्हणाला. "मी बसतो गाडीत. तू मागे उभा राहा. बघू कोण वाजवतंय."

मी रागाच्या भरात हो म्हटलं. चूक झाली.

तो बसला. मी मागे गेलो. मी एक थाप मारली. गाडी येऊ लागली. मी उलटा चालत होतो. ती जागा आली. आता वाजेल म्हणून मी कान टवकारले.

काहीच वाजलं नाही...

इंजिन सोडून कसलाच आवाज नव्हता. चिलटंसुद्धा गप्प झाली होती.

माझा पाय बांधाच्या कडेला लागला. मी थाप मारली. लगेच दुसरी मारली.

गाडी थांबली नाही.

फाळका छातीला टेकला. मी दोन्ही हातांनी बडवलं आणि बाजूच्या चरात उडी टाकली. जिथे मी उभा होतो, तिथून चाक गेलं.

नीरज धावत आला. पांढराफटक पडला होता. "एकच मारलीस तू! आईशप्पथ, मला एकच ऐकू आली."

आता ऐका. तो खोटं बोलत नसावा. कारण ती दुसरी थाप मी मारली तेव्हा माझा तळहात पत्र्यावर आपटला होता, पार झिणझिणला होता...

पण आवाज मलाही आला नव्हता. त्या बडवण्याचाही नाही.

हे मी समजून घेतलं असतं. सदूचं काही अडलं असेल, तो काही सांगत असेल, असं म्हणून सोडून दिलं असतं. पण उडी मारायच्या आधी मी बाजूच्या आरशात बघितलं होतं. आरशात नीरजचे डोळे होते.

तो माझ्याकडेच बघत होता.

ग्रुपमध्ये मी हे सांगितलं. सगळे म्हणाले, तुला उन्हाने भोवळ आली असेल. पुढच्या रविवारी ते मला न कळवता निघाले. मी परत शेडवर गेलो नाही. गाडी तिथेच पडून होती.

डिसेंबरमध्ये नीरजचा फोन आला. गाडीला गिऱ्हाईक मिळालंय, सहीसाठी ये. गाडी आता माझ्या नावावर होती.

वसईचं जोडपं होतं, तिशीच्या आतलं. हृतिक आणि चांदणी. दोघांनाही आमच्यासारखंच वेड. तो गाडीभोवती फिरत होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "चिखलात नेता तेव्हा मागे कोण असतं?"

"हीच असते," तो हसत म्हणाला. "हिच्या थापेवर मी डोळे मिटून मागे येतो."

मग त्याने विचारलं, "दादा, गाडीत काही लफडं नाही ना?"

नीरज माझ्याकडे बघत होता. मला ती गाडी माझ्या नावावर एक दिवसही नको होती.

मी म्हटलं, "नाही."

आणि सही केली.

चांदणीचा नंबर माझ्याकडे आहे. रविवार जवळ आला की मी तो काढून बघतो. अजून फोन केलेला नाही.