अंधाऱ्या खोलीतला खोकेदादा

संचिता कमरेपर्यंत पुठ्ठ्यांच्या पिंपात वाकलेली असताना मागून कुणीतरी घसा खाकरला.

"मॅडम... ते भंगारवाल्याला द्यायचंय."

ती बाहेर आली. केसांत पुठ्ठ्याचा भुगा, गालावर चिकटपट्टी. समोर चहाचा ग्लास घेतलेला, उन्हाने रापलेला एक उंच तरुण. वागळे इस्टेटमधला तो खोकी बनवायचा छोटा कारखाना त्याचाच होता.

"ही एवढी लांब खोकी घेऊ का? पेरिस्कोप करायचाय, मुलांसाठी."

"किती मुलं आहेत तुम्हाला?"

"अकरा."

गरम चहाने त्याची जीभ भाजली.

मग तिने हसत हसत सांगितलं. शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांचा एक गट होता. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंतचे आईबाप दर रविवारी मुलांना डोंबिवलीला, तिच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आणायचे. तुरटीचे खडे वाढव, बिटाच्या रसाने चित्रं रंगव, कागदाच्या लगद्याचे मुखवटे कर... विज्ञान नि चित्रकला, दोन्ही हात घाण करून शिकायचं.

"मी आणून देतो सगळं टेम्पोत," तो म्हणाला. "धनेश माझं नाव. डोंबिवलीला येतच असतो मी."

कळव्याच्या या माणसाचं डोंबिवलीत काडीचंही काम नव्हतं, हे तिला फार पुढे त्याच्या आईकडून कळलं.

तो आला. पुढच्या रविवारी पुन्हा आला. आधी खोकी उतरवून जायचा, मग कात्री धरायला थांबू लागला. मुलांनी त्याचं नाव खोकेदादा ठेवलं. ज्वालामुखीच्या दिवशी त्याने व्हिनेगरमध्ये सोड्याचं अख्खं पाकीट उपडं केलं आणि सोसायटीच्या नव्याने रंगवलेल्या हॉलची भिंत छतापर्यंत लाल झाली.

"जरा जास्तच पडला का हो सोडा?"

"जरा?" संचिताच्या भुवईवरून लाल फेस ओघळत होता. तिला रागवायचं होतं. पण तो स्वतःचा रुमाल पुढे करून इतका ओशाळा उभा होता, की तिला हसूच फुटलं... आणि रुमाल परत करायचा राहून गेला.

सेक्रेटरी विनिताबाईंनी हॉल बंद केला. मग वर्ग कळव्याला, धनेशच्या अंगणातल्या रिकाम्या खोलीत भरू लागला. त्याची आई कमळाबाई मुलांना भाकरी नि सुकटीची चटणी खायला घालायची आणि संचिताकडे टक लावून बघायची.

सगळं छान चाललं होतं. फक्त धनेश काही बोलत नव्हता. शेवटी संचितानेच खडा टाकला.

"पुढच्या रविवारी संध्याकाळी मला बघायला येतायत. पुण्याचा मुलगा. पॅकेज चांगलंय म्हणे."

तो खोक्याला टेप लावत होता. "पॅकिंगवर जाऊ नका. आतला माल बघा."

"आणि दुसरं खोकं समोर आलंच नाही तर?"

त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात हातातली टेप सुटली, घरंगळत अंगणात गेली, आणि तो टेपमागे जो गेला तो परतलाच नाही. संचिता त्या दिवशी घरी गेली ती चिडूनच. आता आपण एक शब्दही बोलायचा नाही, असं तिने ठरवून टाकलं.

तो रविवार उजाडला. श्रावणातलं लपाछपीचं ऊन होतं. संचिताने खोलीच्या खिडकीला काळा कागद लावला, त्यात बोट जाईल एवढं भोक पाडलं आणि समोर पांढरी चादर ताणली.

"तयारी झाली की हाक मारते," ती धनेशला कोरडेपणाने म्हणाली. "मग उन्हात उभे राहा."

दार लागलं. काळोख झाला. आणि हळूहळू चादरीवर अंगण उमटलं... रंगांसकट, पण उलटं. शेवग्याचं झाड छताला पाय लावून लोंबत होतं. त्याच्यापुढे खोकेदादाही उलटा लटकला होता. हाक मारायला अजून वेळ आहे, असं त्याला वाटत होतं.

"दादा झाडाशी बोलतोय," छोटा हर्षित कुजबुजला.

धनेश शेवग्यापुढे उभा राहून हात जोडत होता. मग मान हलवली, चार पावलं मागे गेला, शर्ट नीट केला, पुन्हा आला. छातीवर हात ठेवला. खिशातून जास्वंदीचं फूल काढून झाडापुढे धरलं. ते नको वाटलं असावं. परत खिशात कोंबलं. मग एक गुडघा टेकला—

ढग आला. चादर काळी झाली.

"लाइट गेली," मुलं हळहळली.

ऊन परतलं तेव्हा धनेश गुडघ्यावरच होता आणि मागे सूप घेतलेली कमळाबाई उभी होती. खिडकीतून तिचा आवाज आत आला.

"धन्या, शेवग्याशी काय बोलतस रं? ती पोर आत हाय ना?"

नऊ वर्षांच्या सान्वीने शांतपणे विचारलं, "ताई, दादा झाडाला लग्नाचं विचारतोय का?"

संचिता दार उघडून बाहेर आली आणि तिने ते मागे लोटून घेतलं. ओल्या उन्हाने डोळे दिपले. धनेश धडपडत उठला. गुडघ्याला चिखल, कान लाल.

"झाली... तयारी?"

"कधीच झाली. सगळं दिसलं आम्हाला."

"सगळं?" त्याने खिडकीकडे पाहिलं, मग भोकाकडे, मग जमिनीकडे. "म्हणजे... मुलांनापण?"

"हो. पण आत सगळं उलटं दिसतं." ती एक पाऊल पुढे आली. "आता सरळ विचार."

ती पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे करत होती. त्याने खोल श्वास घेतला. पाठ केलेलं सगळं विसरून गेला असावा.

"मला विज्ञान येत नाही. चित्रंही येत नाहीत. पण रविवार सोडून बाकीचे दिवस मला आवडेनासे झालेत. माझ्याशी... लग्न करशील?"

"करीन."

कमळाबाई सूप खाली ठेवून पदराने डोळे टिपू लागली. धनेशने खिशातलं चुरगळलेलं फूल पुढे केलं. तिने ते घेतलं, आणि हातही सोडला नाही.

"ताई," आतून सान्वीचा आवाज आला, "जरा डावीकडे सरक ना. चादरीवर दादा झाकला जातोय."

संचिता सरकली. मग मोकळ्या हाताने तिने घरी फोन लावला.

"आई, ऐक. सगळं नीट सांगते... पण आधी ते पोहे भिजवू नकोस."